खुणेवरचं रडू

बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून वहिनींनी कचेरीच्या दारावरची घंटी काढून ठेवली होती. तरी टकटक झालीच. पण इतकी हलकी, की भावोजींना ती ऐकूच आली नाही.

“आत या,” वहिनी हळूच म्हणाल्या. “इतकं जपून दार वाजवणारी माणसं एकतर चोर असतात, नाहीतर आया. चोर दुपारी येत नाहीत.”

आत आलेली बाई ओशाळून हसली. “बाहेर बाबागाडी दिसली. म्हटलं, आत कुणीतरी झोपलेलं असणार.”

“बसा. आणि जे सांगायचं ते कुजबुजत सांगा. पाळण्यातले साहेब उठले की तपास बंद.”

वहिनींची कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, एक पाळणा. शेजारच्या गाळ्यात त्यांच्या धाकट्या दिरांचा दातांचा दवाखाना होता. पेशंट नसले की भावोजी इकडे येऊन बसत. म्हणजे बहुतेक वेळ ते इकडेच असत. तपासात त्यांची कामं दोन: बाळाला खांद्यावर घेणं आणि चुकीचा निष्कर्ष काढणं. दोन्ही ते मनापासून करत.

बाई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. तिला एकच मुलगी, नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून घरीदारी तिला सगळे भिंगरी म्हणत.

“माझ्या भिंगरीला कुणीतरी घाबरवलंय,” बाई म्हणाली. “कोण ते मला शोधून द्या.”

“कुठे घाबरवलं?”

“अभिनयाच्या कार्यशाळेत. चांगली फी भरून घातलं होतं हो. तिचा मामा तेव्हाच म्हणाला, ‘ताई, घरात काय कमी नाटकं करते ती, की आणखी शिकायला पाठवतेस?’ पण तिला आवडायला लागलं. रोज संध्याकाळी मी भांडी घासायची आणि तिने तालीम करायची. ती मुलगी, मी आजोबा.”

“तुम्ही आजोबा?” भावोजी चक्रावले.

“घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. खरी ती भूमिका तिच्या मैत्रिणीची, बटणची. गोल गोल आहे ना, म्हणून बटण. आता घरी बटण कुठून आणायची, म्हणून मी. मला झोपेत उठवलंत तरी म्हणून दाखवीन.” आणि तिने हलक्या आवाजात, दोन्ही माणसं वठवत म्हणून दाखवलंच. “‘आजोबा, हे घड्याळ बंद पडलंय.’ ‘अरेच्चा, याचे काटे कुठे गेले?’ ‘पळून गेले.’ ‘कुठे पळाले?’ ‘जिथे कुणालाच घाई नसते तिथे.’ ‘मग त्यांना परत कशाला बोलावतेस?’ ‘आई कामावरून कधी येणार, ते कळत नाही म्हणून.’”

शेवटचं वाक्य म्हणून तिने भावोजींकडे पाहिलं.

“या वाक्याला सगळे रडणार, असं सांगत होती मला. ते वाक्य आलंच नाही.”

“त्या दिवशी काय झालं, ते सावकाश सांगा.”

“कार्यक्रम होता, पालकांसाठी. मला दुकानातून निघायला उशीर. हॉल गच्च भरलेला, म्हणून मागच्या दाराला टेकून उभी राहिले. आधीच्या मुलांचं तर तिथे काही ऐकूच येत नव्हतं, नुसती तोंडं हलत होती. मग या दोघी आल्या. भिंगरीने ‘जिथे कुणालाच घाई नसते तिथे’ हे इतकं गोड म्हटलं, की शेजारचा अनोळखी माणूस हसला. आणि मग सगळं गप्प. ती एकदम पुढे आली, तोंडावर हात नेला आणि म्हणाली, ‘मी विसरले. मला काहीच आठवत नाही.’ आणि रडायलाच लागली हो. पडदा पाडला त्यांनी. शब्दन् शब्द अजून कानात आहे माझ्या.”

“घरी आल्यावर जेवली?”

“तेच तर! पोटभर जेवली, वर आणखी वाढ म्हणाली. मला वाटलं, विसरून गेली. पण तेव्हापासून त्या विषयावर एक अक्षर नाही. ‘मी विसरले, बस’ एवढंच. आणि बाथरूममध्ये नळ सोडून आत तेच संवाद पुटपुटत बसते.” बाईने पदराशी चाळा केला. “तिथला नियम आहे, जो अडकला त्याला पुढच्या वर्गात घेत नाहीत. पुन्हा पहिला वर्ग, पुन्हा फी. नावं द्यायचा उद्या शेवटचा दिवस. मामा म्हणतो, सगळी फसवाफसवी आहे, बंद कर. ती फसवणूक असेल तर असू दे, पैसे गेले तर गेले. पण तिच्यात काही असेल आणि ते कुणी मोडलं असेल तर? मी कशावरून ठरवू?”

वहिनींनी पाळण्याकडे पाहिलं. “व्हिडिओ आहे?”

“पालकांच्या ग्रुपवर टाकलाय. सगळ्यांनी बघितला असेल.”

“द्या इकडे. आणि आवाज पूर्ण बंद करा, नाहीतर आमचे साहेब उठतील.”

तिघंही छोट्या पडद्यावर वाकले. कापसाची दाढी लावलेली गोल मुलगी टेबलामागे. समोर दोन वेण्यांची भिंगरी. ती काहीतरी बोलली, मान वेळावली आणि थांबली. समोरच्या आजोबांकडे बघत राहिली.

“बघा, ओठ हलताहेत,” भावोजी कळवळले. “आठवायचा प्रयत्न करतेय बिचारी.”

“भावोजी, दिवसभर लोकांच्या तोंडात बघता ना? नीट बघा. ओठ कसे हलले?”

भावोजींनी तो तुकडा परत लावला. “आधी मिटले. मग उघडले. परत मिटले. खालचा पुढचा दात किंचित वाकडा आहे, तार लावली तर…”

“दात राहू द्या. पुढे?”

“पुढे काय, आली की ती पुढे. रडली.”

“आणि आजोबा?”

“आजोबा आता दिसतच नाहीत. ही आडवी आली ना.”

“हं,” वहिनी म्हणाल्या. पाळण्यातून कुरकुर ऐकू आली. “उद्या सकाळी जाऊ या. बाई, भिंगरीला बरोबर आणा. तिला काही विचारू नका. जे दडवायचंच ठरवलंय ते विचारून मिळत नाही.”

*

कार्यशाळा एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत होती. जिन्यापासून संचालकांच्या खोलीपर्यंत भिंतीभर फोटो होते. प्रत्येक फोटोत संचालक, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून कुणीतरी झगमगीत कपड्यातलं.

“आत्मविश्वास!” संचालक खुर्चीत मागे रेलून म्हणाले. “आम्ही मुलांना तो देतो. आज इथे, उद्या पडद्यावर.”

“या फोटोंमधले इथे कोण कोण शिकलं?” वहिनींनी विचारलं.

“म्हणजे… ही मंडळी पाहुणे म्हणून आली होती.”

“फोटो छान आलेत,” बाळ खांद्यावर घेतलेले भावोजी म्हणाले. बाळाने संचालकांच्या टेबलावरची टाचण्यांची उशी बघितली आणि हात पुढे केला. वहिनींनी ती सवयीने लांब सरकवली.

“भिंगरी अडखळली तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“पहिल्या रांगेत, पाहुण्यांशेजारी. लाज आणली हो. कार्यक्रमाआधी सगळ्या मुलांना उभं करून बजावलं होतं मी, जो अडकेल तो मागे राहील. शिस्त लागते. ती दुसरी, बटण, ती आधीच एकदा मागे राहिलेली. तिच्या वडिलांनी सांगूनच ठेवलंय, पुन्हा तसं झालं तर काढून घेणार. पण या वेळी ती निभावली.”

“तुम्हाला ते नाटुकलं पाठ आहे?”

“मला?” संचालक हसले. “मी व्यवस्थापन बघतो.”

बाहेर आल्यावर भावोजींनी वहिनींना बाजूला घेतलं. “सुटलं! हाच तो. मुलांना दम देतो, मुलं घाबरतात, अडकतात, परत फी भरतात. धंदाच आहे.”

“दम दिला हे खरं,” वहिनी म्हणाल्या. “चला, दिवेवाल्याकडे.”

दिवे सांभाळणारा हा संचालकांचा मेहुणा. शिडीवर चढून तो एक जळका बल्ब काढत होता आणि कुणीतरी विचारावं याचीच वाट बघत होता.

“फरशीवर या खडूच्या फुल्या दिसतात ना? प्रत्येक फुलीवर एक दिवा. मुलांना सांगून सांगून घसा बसला, फुलीवर उभं राहा, तरच चेहरा दिसेल. ऐकतं कोण? त्यातून घाबरलं पोर की सरळ मागे, पडद्याला चिकटतं. मग मी दिवा फिरवत बसायचं.”

“भिंगरी रडली तेव्हाही फिरवलात?”

“नाही बुवा. ती पुढच्या फुलीवर येऊन रडली. मला हातसुद्धा लावावा लागला नाही.” तो खाली उतरला. “रडणं काय दिसलं सांगू! वाया गेलं ते, नाटकात नव्हतं ना.”

शिकवणाऱ्या ताई वरच्या मोठ्या खोलीत होत्या. खोलीत एकही फोटो नव्हता. मुलं जोड्यांनी समोरासमोर उभी होती. एकाने हात उचलला की दुसऱ्याने आरशासारखा तसाच उचलायचा. कोण आधी हलतंय तेच कळत नव्हतं. कोपऱ्यातली गोल मुलगी वहिनींना बघून पटकन जोडीदारामागे सरकली.

“आपलं वाक्य कुणीही पाठ करतं,” ताई दाराशी येऊन म्हणाल्या. “मी भूमिका सारख्या बदलायला लावते. आज आजोबा तर उद्या मुलगी. समोरच्याचं ऐकू आलं पाहिजे. बाकी अभिनय काय, येतो मागून.”

“रडायला शिकवता?”

“मुळीच नाही. रडू आवरायला शिकवते. बघणाऱ्याला खरं वाटतं ते तेच.”

“भिंगरी थांबली तेव्हा तुम्ही समोर होता?”

“कुठली! एका छोट्याने ऐन वेळी पोशाखाचं शेपूट तोडून घेतलं, मी आत ते शिवत बसले होते. ‘मी विसरले’ ऐकलं आणि धावले.” ताईंचा चेहरा उतरला. “मला ते अजून पटत नाही. ती विसरणारी नाही. आणि त्यानंतर बटण किती तरी वेळ माझा हात धरून उभी होती. काही बोलली मात्र नाही. पहिल्यांदा आली तेव्हा ही मुलगी स्वतःचं नावसुद्धा सांगायची नाही. आता निदान हात धरते.”

वहिनींनी बाळ स्वतःकडे घेतलं. “वर्ग सुटला की सगळे खाली बसू या. मुलांना घरी जाऊ द्या.”

*

रिकाम्या हॉलमध्ये पाच खुर्च्या मांडल्या. संचालक, त्यांचा मेहुणा, ताई, भिंगरीची आई आणि भावोजी. वहिनी उभ्याच राहिल्या. बाहेरच्या व्हरांड्यात भिंगरी बाबागाडी पुढे-मागे करत होती. दाराच्या काचेतून तिच्या वेण्या दिसत होत्या.

“सर, आधी एक शब्द द्या,” वहिनींनी सुरुवात केली. “मी जे सांगेन ते या खोलीतच राहील. आणि ते ऐकून तुम्ही कुठल्याही मुलाला मागे ठेवणार नाही.”

“असं कसं? नियम म्हणजे…”

“नाहीतर या बाई ग्रुपवर एवढंच लिहितील, की जिन्यातल्या फोटोंमधलं एकही माणूस इथे शिकलेलं नाही.”

संचालकांनी शब्द दिला. लगेच दिला.

“आता बाई, तुमचा प्रश्न. भिंगरीला कुणी घाबरवलं? कुणीही नाही. ती त्या दिवशी घाबरली नव्हती. विसरलीही नव्हती.”

“अहो, तिने स्वतः सांगितलं…”

“तिने सांगितलं, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. मी बाळामुळे आवाज बंद करून बघितलं, म्हणून मला तिचं म्हणणं ऐकू आलं नाही. मला फक्त दोन मुली दिसल्या. एक बोलून थांबली होती आणि दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. सांगा, नाटक कुठल्या वाक्यावर थांबलं?”

“‘जिथे कुणालाच घाई नसते तिथे.’”

“ते कुणाचं?”

“भिंगरीचं.”

“आणि त्याच्या पुढचं?”

“‘मग त्यांना परत कशाला…’” आईचा हात हवेतच राहिला. “अगंबाई! ते तर माझं!”

ताईंनी डोळे मिटून घेतले.

“तुमचं. म्हणजे आजोबांचं. म्हणजे बटणचं,” वहिनी म्हणाल्या. “भिंगरीचं वाक्य झालं होतं. गप्प झाली ती बटण. पण हॉलमध्ये नाटक पाठ असलेलं होतं कोण? ताई आत शेपूट शिवत होत्या. सर पाहुण्यांकडे बघत होते. आणि तुमचा जीव टांगणीला लागलेला.”

“पण ओठ हलत होते तिचे!” भावोजींना राहवलं नाही. “आठवत होती ना ती?”

“काय आठवत होती? तुम्हीच सांगितलंत, ओठ आधी मिटले. तिचं स्वतःचं वाक्य ‘आई’पासून सुरू होतं. म्हणून बघा, ओठ मिटतात का?”

भावोजींनी ‘आई’ म्हणून बघितलं. मग हळूच, “मग त्यांना परत…” आणि स्वतःच्या ओठांना बोट लावलं. “मिटले. उघडले. परत मिटले. वहिनी, ती आजोबांचं वाक्य सांगत होती!”

“रोज भूमिका बदलून तिला सगळंच पाठ. ती बटणला वाक्य पुरवत होती. बटणला काही सुचेना. आणि थोड्याच वेळापूर्वी सगळ्यांना सांगितलं गेलं होतं, जो अडकेल तो मागे. बटण मागे राहिली तर तिचे वडील तिला काढून घेणार, हे भिंगरीला ठाऊक असणार. मैत्रिणींना ठाऊक असतं. मग तिने काय केलं? ती शांतता स्वतःच्या नावावर करून टाकली.”

मेहुण्याने मांडीवर थाप मारली. “पुढच्या फुलीवर!”

“घाबरलेलं पोर मागे अंधारात पळतं, असं तुम्हीच म्हणालात. ही पुढे आली, मैत्रीण झाकली जाईल अशी उभी राहिली, आणि तीही नेमकी खुणेवर, उजेडात. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून. आणि आवाज? बाकीच्या मुलांचा मागच्या दारापर्यंत पोचत नव्हता. हिचा गळा दाटलेला, तरी बाईंना शब्दन् शब्द ऐकू आला. खरंच कोलमडलेल्या मुलाचा आवाज तिथवर जाईल? ते रडूसुद्धा ताईंच्या पद्धतीचं होतं, आवरत आवरत आलेलं. घरी जाऊन ती पोटभर जेवली, कारण तिच्या मते तिने काहीच चुकवलं नव्हतं. दुःख नंतर सुरू झालं, मैत्रीण पुढे जाणार आणि आपण इथेच, हे ध्यानात आल्यावर. म्हणून नळ सोडून ती ते नाटक शेवटापर्यंत नेत असते.”

“म्हणजे बटण मला तेच सांगायला आली होती,” ताई पुटपुटल्या. “आणि मी शेपटाची सुई शोधत होते.”

“सांगेल ती. हात धरण्यापर्यंत आलीच आहे. तोवर तुम्हाला काही ठाऊक नाही.”

आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने ते पुसलं नाही. “मग ही कार्यशाळा… घालावं का मी तिला? सांगा ना.”

“जिन्यातल्या फोटोंसाठी मुळीच घालू नका,” वहिनी म्हणाल्या. “पडद्यावर जाईल म्हणूनही नको, तसा शब्द कुणी देत असेल तर तिथून निघा. पण वरच्या खोलीत दार लावून मुलांना काय शिकवतात, ते बघा. तुमची पोर भरल्या हॉलपुढे एक भूमिका जागच्या जागी उभी करून गेली. तिला अभिनय येत नाही, अशी भूमिका! आणि एकाही माणसाला संशय आला नाही. आवाज, उजेड, रडू, सगळं जागेवर. पण ते सुद्धा मला मोठं वाटत नाही. समोरचीचं अडणं तिला ऐकू आलं, ते मोठं. हे जिथे शिकवतात तिथे फी भरलेली वाया जात नाही.”

ताई उठल्या. “सर, तो अडकण्याचा नियम आजपासून नाही. तो राहणार असेल तर मी नाही.”

संचालकांनी वर बघितलं. जिन्यातले फोटो वर्ग घेणार नव्हते, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. “नियमाचा… पुनर्विचार करता येईल,” ते म्हणाले.

“केलात,” वहिनी म्हणाल्या. “अभिनंदन.”

भावोजी रुमालात नाक शिंकरत होते. “धूळ फार आहे इथे,” त्यांनी कुणीही न विचारता सांगितलं.

आई दारापाशी थांबली. “तिला सांगू का, मला कळलं म्हणून?”

“तिने एवढ्या कष्टाने केलंय. लगेच पाणी नका फिरवू त्यावर,” वहिनी म्हणाल्या. “थोडा अभिनय तुम्हीही जमवा.”

आईने पदराने तोंड पुसलं, चेहरा सरळ केला आणि व्हरांड्यात आली.

भिंगरी बाबागाडीचा दांडा सोडून उभी राहिली. “काय म्हणाल्या त्या?”

“काही नाही गं. नियम बदललाय म्हणे. आता सगळ्यांनाच पुढच्या वर्गात घेणार. तुला, बटणला, सगळ्यांना.”

“बटणला का नाही घेणार? ती कुठे अडकली होती?”

“हो ना! ती कुठे अडकली? तूच तर विसरलीस,” आई म्हणाली, आणि भुवया कपाळावर नेऊन तिने जोरजोरात मान हलवली.

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं.

“आई, इतक्या भुवया वर न्यायच्या नसतात. कुणालाही कळेल.”

“मग कसं करायचं?”

“आधी श्वास घे. मान नको हलवू. फक्त माझ्याकडे बघ. आणि आता परत म्हण.”

आईने श्वास घेतला, तिच्याकडे बघितलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.